साडेचार वॅटच्या ट्यूब ॲम्प्लिफायरला कोणते स्पीकर लावावेत?

षड्जपंचम (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून सवडीसवडीने एक ट्यूब ॲम्प्लिफायर बांधत होतो, तो आता वाजू लागला आहे. प्रत्येक चॅनेलला एक ईएल८४ ही ट्यूब (म्हणजेच व्हॉल्व्ह), पेंटोड पद्धतीने जोडलेली, आणि थोडासा निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा अंश उलटा परत देऊन चूक सावरणे), असे साधे सिंगल-एंडेड सर्किट आहे. व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, जुन्या साठ्यातले आहेत; बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानदाराने ते माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले काढून दिले. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४ आणि ८ ओहमचे टॅप (स्पीकर जोडायची टोके) आहेत आणि चॅनेलमागे साधारण साडेचार वॅट मिळतात.

अडचण स्पीकरची आहे. माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचे बुकशेल्फ स्पीकर आहेत, त्यांच्या मागच्या पट्टीवर ‘८६ डेसिबल, ४ ओहम’ असे छापलेले आहे. हॉल ११ बाय १४ फूट, आणि मी स्पीकरपासून आठ फुटांवर बसतो. विलंबित ख्याल चालू असतो तोवर आवाज इतका गोड लागतो की उठावेसे वाटत नाही. पण द्रुत सुरू झाले आणि तबलजी सुटला की डग्ग्याचा घुमारा लांबत नाही, नुसता ‘थप’ होऊन बसतो आणि त्याच क्षणी गायकाचा आवाजही कागदासारखा फाटतो. आवाज कमी केला की सगळे ठीक होते, पण मग मैफलीत बसल्याचा भाव जातो.

सगळीकडे एकच सल्ला वाचतो, की ट्यूबला ‘हाय सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे थोड्या वॅटमध्ये मोठे वाजणारे, स्पीकर हवेत. कोणी ९५ म्हणतात, कोणी १०० च्या खाली बघूच नका म्हणतात. मला नेमके किती हवेत हे कसे ठरवावे? की स्पीकर तेच ठेवून ३००बी या जास्त वॅटच्या ट्यूबचा ॲम्प्लिफायर बांधावा?

कर्णोपकर्णी

अभिनंदन! माझे मत स्पष्ट आहे आणि ते माझ्या नावातच आहे: कर्णा, म्हणजे हॉर्नचा स्पीकर, घ्या. १९३० च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ९१-ए हा ॲम्प्लिफायर जेमतेम आठ वॅटचा होता आणि त्यावर लहान चित्रपटगृहे चालत असत. हे शक्य झाले ते पडद्यामागच्या प्रचंड कर्ण्यांमुळे. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी बोलपट-गृहातला तोच विचार घराच्या कोपऱ्यात आणला. त्यांच्या क्लिप्शहॉर्नची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगितली जाते. आपल्या घरांना तसे दोन मोकळे कोपरे नसतात, हे मान्य. पण १९५७ मध्ये आलेला त्यांचाच हेरेसी हा जमिनीवर किंचित मागे रेलून बसणारा लहान स्पीकर माझ्याकडे कोल्हापुरात आहे. सध्याच्या चौथ्या आवृत्तीची सेन्सिटिव्हिटी ९९ आहे. माझ्याकडे २ए३ ट्यूबचा साडेतीन वॅटचा ॲम्प्लिफायर आहे आणि व्हॉल्यूमचा खटका अर्ध्याच्या पुढे कधी गेलेला नाही. ३००बी बांधून तुमच्या पदरात साडेचारऐवजी आठ वॅट पडतील, म्हणजे अडीच डेसिबल. त्यासाठी एवढा खर्च कशाला?

रेडिओकाका

धागाकर्त्यांनी प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे ईएल८४ माझ्या ओळखीची आहे.

पहिली गोष्ट, तुमच्या पट्टीवरच्या ८६ या आकड्याविषयी. हल्ली सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजतात. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर बरोबर एक वॅट होतो, पण ४ ओहमवर तेच दोन वॅट होतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला याचे काही वाटत नाही, कारण तो व्होल्टेज धरून ठेवतो आणि लागेल तेवढा करंट पुरवतो. ट्यूब ॲम्प्लिफायरला मात्र ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्याही टॅपवर तेवढेच साडेचार वॅट द्यायचे असतात. त्यामुळे एका वॅटच्या हिशेबाने तुमचे स्पीकर ८६ चे नसून ८३ चे आहेत. कंपनीने खोटे छापले असे नव्हे. आपण तो आकडा वाचताना ओहमकडे बघत नाही.

दुसरी गोष्ट, हे आकडे इतके कमी का असतात. ९२ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी फक्त एक टक्का आवाजात बदलतो, बाकीची उष्णता होते. ही कार्यक्षमता पेटीच्या आकारमानावर आणि खर्जाच्या मर्यादेच्या घनावर अवलंबून असते. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठी कार्यक्षमता यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. कार्यक्षमता तीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा असेल तर पेटी आठपट मोठी करावी लागते. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ हा बंद पेटीचा लहान स्पीकर काढला, त्यात त्यांनी तिसरी गोष्ट जाणूनबुजून सोडली. पुढे स्टिरिओ आले, घरात दोन दोन पेट्या ठेवायची वेळ आली, ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि सगळा बाजार त्या वाटेने गेला. तुमचे बुकशेल्फ त्याच घराण्यातले आहेत. त्यांच्यात खोट नाही, फक्त त्यांना तुमच्या ॲम्प्लिफायरकडून मिळणार नाही ते हवे आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते सेन्सिटिव्हिटीपेक्षाही महत्त्वाची आहे, ती म्हणजे इम्पिडन्सची (स्पीकर विजेला करतो त्या विरोधाची, जो ओहममध्ये मोजतात) वक्ररेषा. त्याबद्दल उद्या लिहितो. आता डोळे दमले.

ठाणेकर

मी वाचक म्हणूनच इथे असतो, पण एक शंका. मंडप डेकोरेटरकडचे भोंगे आणि उभे कॉलम स्पीकर यांचा आवाज थोड्या वॅटमध्ये अख्ख्या मैदानाला पुरतो. तेच घरी लावले तर? जुने अगदी स्वस्तात मिळतात.

रेडिओकाका

ठाणेकर, शंका रास्त आहे, पण तसे करू नये. त्यांतल्या बहुतेकांच्या आत १०० व्होल्ट लाइनचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ८ ओहमच्या टॅपला ते शेकडो ओहमचे भासतात आणि आवाज जवळजवळ येतच नाही. तो ट्रान्सफॉर्मर काढून टाकला तरी भोंगा माणसाचे बोलणे दूर पोचवण्यासाठी बनवलेला असतो. त्यात डग्गाही नाही आणि तानपुऱ्याची जवारीही नाही.

मोजपट्टी

मी आइंडहोव्हनमध्ये राहते, म्हणजे ज्या फिलिप्सने १९५३ मध्ये ईएल८४ आणली त्यांच्याच गावात. त्यामुळे या धाग्यावर लिहिण्याचा मोह आवरला नाही.

षड्जपंचम, ‘किती डेसिबल हवेत’ हे अंदाजाने ठरवण्याऐवजी तुम्ही ते घरच्या मल्टिमीटरने मोजू शकता. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये २०० हर्ट्झची साइन लहर तयार करा आणि तिची ॲम्प्लिट्यूड ०.२५ ठेवा. ही पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे व्होल्टेजने बरोबर एक चतुर्थांश असते. २०० हर्ट्झ यासाठी, की साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या आसपास बरोबर दाखवतात आणि वर गेले की बहकतात. आता तुमची नेहमीची द्रुत बंदिश लावा, तुम्हाला मैफलीसारखा वाटतो तिथपर्यंत व्हॉल्यूम न्या, फाटला तरी चालेल, आणि खटका तिथेच सोडा. त्याच फोनवरून किंवा संगणकावरून ती साइन लहर वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. जो आकडा येईल त्याची चौपट म्हणजे त्या खटक्यावर ध्वनिमुद्रणातली सर्वांत उंच लाट मागू शकेल इतके व्होल्टेज.

या पद्धतीबद्दल इतरत्र वाचाल तेव्हा ‘आधी स्पीकर काढून ठेवा’ असे लिहिलेले सापडेल. ट्यूब ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ते कधीही करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना सिग्नल दिला तर प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वेटोळ्यावर) व्होल्टेज इतके चढते की वेटोळ्यांमधले इन्सुलेशन फुटू शकते. आवाज कानाला त्रासदायक होईल, पण अर्धा मिनिट सोसावा. आणि मीटरचे टोक फक्त बाहेरच्या स्पीकर टर्मिनलला लावावे. आत तीनशे व्होल्ट आहेत हे तुम्हाला सांगायला नकोच.

षड्जपंचम

मोजपट्टीताई, आज संध्याकाळी मोजले. शेजाऱ्यांनी दार वाजवून काय चालले आहे ते विचारले, एवढे सोडले तर सगळे सुरळीत झाले. ४ ओहमच्या टॅपवर, मला आवडतो त्या खटक्यावर, १.५ व्होल्ट आले. म्हणजे चौपट केले तर ६ व्होल्ट. माझ्या हिशेबाने ४ ओहमवर ६ व्होल्ट म्हणजे ९ वॅट होतात. बरोबर आहे ना?

मोजपट्टी

अगदी बरोबर. तुमच्याकडे साडेचार वॅट आहेत आणि लागतात नऊ, म्हणजे बरोबर दुप्पट. तुम्ही फक्त तीन डेसिबलने कमी पडत आहात. ही तूट सगळ्या संगीतात नाही, फक्त डग्ग्याच्या आणि समेच्या टोकांवर आहे, म्हणून विलंबितात कळत नाही आणि द्रुतात कळते.

आता काकांनी सांगितलेला खरा आकडा, म्हणजे वॅटमागे ८३, धरून पुढे चला. स्पीकर ८ ओहम आणि ९४ डेसिबलचा घेतला तर ११ डेसिबलचा फायदा होतो आणि त्याच आवाजाला नऊ वॅटऐवजी ०.७ वॅट पुरतात. साडेचार वॅटच्या तुलनेत आठ डेसिबल हाताशी शिल्लक राहतात. हेरेसीचे ९९ धरले तर पाव वॅटही लागत नाही. १०५ च्या क्लिप्शहॉर्नवर तुमची संपूर्ण मैफल सहा सेंटिवॅटच्या आत उरकेल. यातले पहिले गणित तुमच्या उपयोगाचे आहे. बाकीची दोन ऐकायला छान आहेत, पण त्यांची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते.

कर्णोपकर्णी

ताई, ‘ऐकायला छान’ हेच तर आपल्याला हवे आहे! गणिताने ९४ पुरतात हे मी नाकारत नाही. पण कर्णा ऐकताना नुसती मोठी पातळी मिळत नाही. पडदा इतका थोडा हलतो की तबल्याचा ‘ना’ सुटतो तेव्हा तो बोट चाटीवरून उचलल्यासारखा सुटतो. षड्जपंचम, कोल्हापूरला या आणि स्वतः ऐका.

सुतारपक्षी

दुसरी बाजू मांडतो, कारण मी ९४ च्या आकड्याने एकदा फसलो आहे. मी फॉस्टेक्सचा साडेसहा इंची फुल-रेंज ड्रायव्हर आणला, पत्रकावर ९४ होते, नाशिकच्या सुताराकडून अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये एक फूट रुंदीची पेटी करून घेतली आणि लावले. क्रॉसओव्हर (वरचे-खालचे स्वर वाटून देणारे सर्किट) नाही, एकच शंकू, गायकाचा गळा समोर उभा राहतो. पण सगळा आवाज पातळ, तंबोरा जसा मोबाईलमधून ऐकू यावा तसा. कारण समजायला मला सहा महिने लागले. वरच्या स्वरांना पेटीचा दर्शनी फळा भिंतीसारखा पुढे ढकलतो, पण खालच्या स्वरांची लाट फळ्याला वळसा घालून मागेही जाते आणि पुढे सहा डेसिबलपर्यंत कमी मिळते. एक फुटाच्या फळ्यात हा उतार साधारण ३८० हर्ट्झच्या आसपास येतो. पत्रकावरचा आकडा मात्र मोठ्या सपाट फळ्यावर मोजलेला असतो. शेवटी कॉइल आणि रेझिस्टन्स लावून वरचे स्वर चार डेसिबल खाली आणले, तेव्हा सूर जुळला आणि ९४ चे ९० झाले.

म्हणून आकडा वाचताना तो सुट्या ड्रायव्हरचा आहे की पूर्ण तयार स्पीकरचा, हे आधी विचारावे. शिवाय काही विक्रेते खोलीच्या भिंतींमुळे वाढलेली पातळीही त्यात धरतात. एका दुकानात मला ‘९५’ म्हणून दाखवलेला स्पीकर शेजारच्या ९० च्या स्पीकरपेक्षा त्याच खटक्यावर कणभरही मोठा वाजला नव्हता.

रेडिओकाका

आता इम्पिडन्स. पट्टीवर ८ ओहम लिहिलेले असते तो फक्त ठोकताळा असतो. प्रत्यक्षात एकच स्पीकर एका स्वराला ४ ओहम आणि दुसऱ्या स्वराला ३० ओहम असू शकतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स एक दशांश ओहम असेल तर याने फरक पडत नाही. ट्यूबचा मात्र बराच जास्त असतो. ३००बी चे उदाहरण घ्या. तिचा प्लेट रेझिस्टन्स (ट्यूबचा अंगचा रोध) सुमारे ७०० ओहम. साडेतीन हजार ओहम ते ८ ओहम अशा ट्रान्सफॉर्मरमधून तो १.६ ओहम दिसतो, त्यात वेटोळ्यांचा रेझिस्टन्स मिळवला की अडीच ओहम होतात. आता ४ ओहमच्या जागी स्पीकरला सव्वाचार डेसिबल कमी मिळते आणि ३० ओहमच्या जागी फक्त पाऊण डेसिबल कमी. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने जो सपाट ठेवला होता, त्यात साडेतीन डेसिबलचा उंचवटा तुमच्या ॲम्प्लिफायरने उभा केला. लोक याला ‘ट्यूबचा गोडवा’ म्हणतात. कधी तो खरोखर गोड असतो, कधी तो डग्ग्यावर बसलेला फुगा असतो.

पेंटोडमध्ये हे फारच तीव्र होते. ईएल८४ चा प्लेट रेझिस्टन्स ४० हजारांच्या घरात असतो. ५,२०० ते ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरमधून तो साठ ओहम दिसेल! तुमच्या सर्किटातला फीडबॅक याचसाठी असतो, आणि तो किती काम करतो हे मोजता येते. ८ ओहमच्या टॅपवर आधी ८ आणि मग १६ ओहमचा दणकट वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि एकाच लहान सिग्नलवर व्होल्टेज बघा. पहिल्या वेळी १.०० आणि दुसऱ्या वेळी १.०९ व्होल्ट आले तर आउटपुट इम्पिडन्स १.६ ओहमच्या जवळ आहे. रेझिस्टर बदलताना ॲम्प्लिफायर बंद करायला विसरू नका.

हाच आकडा खर्जातही गुंततो. ऊफरला (खर्जाच्या मोठ्या शंकूला) आवरून धरण्याचे काम त्याचा चुंबक आणि ॲम्प्लिफायर मिळून करतात. ॲम्प्लिफायरने हात सैल सोडला की अंगचाच सैल ऊफर घुमत राहतो, आणि ज्याचा चुंबक जबर आहे, ज्याचा खर्ज ट्रान्झिस्टरवर कोरडा वाटतो, तो नेमका योग्य भरतो. म्हणूनच जुन्या पद्धतीचे, हलक्या कागदी शंकूचे आणि मोठ्या चुंबकाचे ऊफर ट्यूबबरोबर जुळतात. मग सेन्सिटिव्हिटी आपोआपच जास्त असते. तो त्याच बांधणीचा दुसरा परिणाम आहे.

माझा सल्ला असा, की ९९ च्या उड्या मारणाऱ्या इम्पिडन्सच्या स्पीकरपेक्षा ९३ चा, ६ ओहमच्या खाली न जाणारा स्पीकर घ्यावा. ब्रुकलिनच्या डेव्होर फिडेलिटीने ओरँगुटान ओ/९६ नावाचा दहा इंची ऊफरचा स्पीकर काढला, त्याचा इम्पिडन्स मुद्दाम १० ओहम ठेवला आहे, तो याच विचाराने. तो आपल्या खिशाच्या बाहेर आहे, पण विचार फुकट आहे. अगदी दुसऱ्या टोकाला बीबीसीचा एलएस३/५ए हा लहान स्पीकर बघा: सेन्सिटिव्हिटी ८२-८३ च्या आसपास, तरी मूळच्या १५ ओहमच्या जोड्या लोक लहान खोलीत, हलक्या आवाजात, दहा-पंधरा वॅटच्या ट्यूबवर समाधानाने ऐकत आले आहेत.

ठाणेकर

काका, क्रॉसओव्हरमधून इम्पिडन्सच्या उड्या सपाट करता येत नाहीत का?

रेडिओकाका

येतात. ऊफरच्या कॉइलमुळे वरच्या स्वरांना इम्पिडन्स चढत जातो, तो एका रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीने खाली धरता येतो. क्रॉसओव्हरजवळचा डोंगर कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर तिघांच्या साखळीने उतरवता येतो. हे भाग स्पीकरच्या समांतर बसतात, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर आवाज तसाच राहतो आणि ट्यूबवर सुधारतो. अट एवढीच, की आधी वक्ररेषा मोजलेली असावी. डोंगर सपाट करता येतो. ३ ओहमची दरी मात्र अशी भरता येत नाही.

षड्जपंचम

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी कोल्हापूरला जाऊन कर्णोपकर्णींकडे हेरेसी ऐकले आणि येताना पांढऱ्या रश्शाचे आदरातिथ्यही अनुभवले. ‘ना’ बद्दल त्यांनी लिहिले ते खरे आहे, त्यात अतिशयोक्ती नाही. पण माझ्या खोलीत तो स्पीकर नऊ-दहा इंच भिंतीपासून आणि मला अगदी समोरासमोर येईल. शिवाय दोन ॲम्प्लिफायर बांधण्याएवढे पैसे लागतील. नाशिकला सुतारपक्षींचे फुल-रेंजही ऐकले. एक गोष्ट तिथे ध्यानात आली. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यांचा स्पीकर तिथे पोचतच नाही. तरी तानपुरा अपुरा वाटला नाही, कारण जवारी सगळी वरच्या स्वयंभू स्वरांत असते आणि मूळ स्वर कान स्वतःच भरून घेतो. डग्गा मात्र तसा भरून निघाला नाही. तिथेच माझा निर्णय झाला.

बारा इंची कागदी शंकूचा ऊफर, लहान हॉर्नचा ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी), ८ ओहम, पूर्ण स्पीकर मिळून ९४ च्या आसपास, आणि पेटीचा फळा रुंद, म्हणजे सुतारपक्षींना सोसावा लागलेला उतार खालच्या स्वरांकडे सरकेल. काकांनी सांगितलेली समांतर साखळी बसवायची आहे. पेटी आमच्या वाड्याजवळचे एक जुने सुतार करून देत आहेत. ‘एवढ्या मोठ्या कपाटाला खण का नाहीत’ असे त्यांनी दोनदा विचारले.

सुतारपक्षी

पेटीच्या आतल्या आडव्या पट्ट्या विसरू नका. मोठ्या फळ्या अंगच्या स्वरात बोलतात; मधोमध बोटाने टिचकी मारून बघा, आवाज लाकडाचा हवा, डग्ग्याचा नको. आणि पट्टी बरोबर मध्यावर न लावता थोडी एका बाजूला लावा.

षड्जपंचम

दोन महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. पेट्या आल्या, वाजल्या. तीच बंदिश, तोच मैफलीचा आवाज, ८ ओहमचा टॅप, आणि २०० हर्ट्झच्या त्याच लहरीला ०.६२ व्होल्ट आले. चौपट करून ०.७७ वॅट होतात, ताईंच्या ०.७ च्या इतक्या जवळ, की मी मीटरच्या बॅटरीवर संशय घेऊन पुन्हा मोजले. द्रुतात डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड आता शेवटपर्यंत ऐकू येते. इम्पिडन्स ६.३ ओहमच्या खाली जात नाही.

एक नवी तक्रार मात्र आली. रात्री सगळे निजल्यावर, काही न वाजवता, स्पीकरजवळ बसले की बारीक हम (सततची गुणगुण) ऐकू येतो. जुन्या स्पीकरवर तो कधी जाणवला नव्हता. टर्मिनलवर सुमारे ३ मिलिव्होल्ट येतात.

मोजपट्टी

यालाच मी वर ‘वेगळ्या ठिकाणी मोजावी लागणारी किंमत’ म्हटले होते. ३ मिलिव्होल्ट जुन्या स्पीकरवर एक मीटरवर साडेसव्वीस डेसिबल होत होते, आणि १०० हर्ट्झला आपल्या कानाची ऐकण्याची सीमा जवळपास तिथेच आहे. नव्या स्पीकरवर तेच साडेचौतीस झाले. १०५ च्या कर्ण्यावर साडेपंचेचाळीस झाले असते आणि तुम्हाला शेजारच्या खोलीत निजावे लागले असते. हम तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये पहिल्या दिवसापासून होता. आता तो ५० हर्ट्झचा आहे की १०० चा, हे शोधायला हवे.

रेडिओकाका

षड्जपंचम गाणारे आहेत, त्यांना मीटर लागणार नाही. तानपुऱ्याचे यंत्र काळी एकला लावा आणि हम खर्जाच्या तारेच्या वर आहे की खाली, एवढेच ऐका. खाली असेल तर तो ५० चा, म्हणजे फिलामेंटची वायर, ग्राउंडिंग किंवा दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांच्या फार जवळ असण्याचा प्रश्न. वर असेल तर १०० चा, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कमी पडतो आहे.

षड्जपंचम

वर आहे. पंचमाच्या तारेच्या किंचित खाली, उतरलेल्या पंचमासारखा लागतो. म्हणजे १०० चाच असावा, कारण तो पंचम १०४ च्या जवळ येतो.

रेडिओकाका

मग फिल्टर. दोन कपॅसिटरच्या मध्ये रेझिस्टर असेल तर तो काढून तिथे चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल) बसवा, किंवा दुसरा कपॅसिटर दुपटीने मोठा करा. रेक्टिफायर ईझेड८१ असेल तर पहिला कपॅसिटर मात्र ५० मायक्रोफॅरडच्या पुढे नेऊ नका, ट्यूबला झेपत नाही. हात घालण्यापूर्वी बंद करून कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने शून्य बघूनच स्पर्श करा.

षड्जपंचम

चोक बसवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मित्राने आणून दिला, चासीवर जागा नव्हती म्हणून खालच्या बाजूने आडवा लावला आहे. आता ०.६ मिलिव्होल्ट येतात आणि कान ट्वीटरला टेकवला तरच काही कळते. कर्णोपकर्णी पुढच्या महिन्यात पुण्याला येत आहेत, त्यांचा २ए३ सोबत घेऊन. या पेट्यांवर दोन्ही ॲम्प्लिफायरांचा आउटपुट इम्पिडन्स मोजून आकडे इथेच लिहू.